अल्तारावरची बाटली

दुसऱ्याच्या देवघरात तुम्ही कधी चपला घालून शिरला आहात का? लगेच मान हलवून नाही म्हणू नका. जरा आठवा. दोन हजार सालाच्या आगेमागे दोह्यात होतात ना? शुक्रवारी सकाळी पाच-सहा गाड्यांची रांग करून, आइसबॉक्समध्ये सँडविचेस भरून वाळवंटात गेला होतात ना? दगडांच्या त्या खोल खड्ड्यात उतरून, तळाशी गार पाणी बघून "वॉव" म्हणालात, आणि निघताना रिकामी बाटली त्यात बुडवलीत. बुड बुड बुड. मग ही गोष्ट जशी पॉलीन रुमावची, तशी तुमचीही. आता ऐकून घ्या.

पॉलीन वसईची, गासची. घरामागे त्यांचं बावखल होतं, विहिरीपेक्षा मोठं, तळ्यापेक्षा लहान, बारा महिने गोडं पाणी. केळी, भाजी, नागवेल, सगळी वाडी त्याच्यावर. पॉलीन नर्स होऊन कतारला गेली आणि इकडे तिच्या भावाने, डेरिलने, ट्रकभर भरणी टाकून बावखल बुजवलं. वर बिल्डिंग. फोनवर हे सांगताना त्याचा आवाज असा फुलला होता, जसं काही घरात बारसं आहे. पॉलीनने रिसिव्हर असा आपटला की अल हिलालच्या त्या फ्लॅटमध्ये शेजारच्यांनी भिंत ठोकली. भावाशी बोलणं तेव्हापासून खलास. अशी बाई. राग नाकाच्या शेंड्यावर. अल वक्राकडच्या ज्या सरकारी दवाखान्यात ती ड्रेसिंगचं काम करायची, तिथले डॉक्टरसुद्धा तिच्याशी आवाज खाली ठेवून बोलायचे.

नवरा वॉल्टर उलटा. मऊ. एका कन्स्ट्रक्शन कंपनीच्या ऑफिसात होता आणि साहेबाने पाठीवर थाप मारली की आठवडाभर शीळ घालत फिरायचा. मुलगी कॅरिना इंग्लिश शाळेत. मराठी सगळं समजायचं, तोंडातून मात्र इंग्लिशच.

अठ्ठ्याण्णवच्या थंडीत उम्म राशिद दवाखान्यात आली. उम्म राशिद म्हणजे राशिदची आई. बदू बाई, वाळवंटातल्या भटक्या टोळीतली, काळ्या कपड्यात, चेहऱ्यावर चोचीसारखा मुखवटा, बत्तूला, त्याच्या वर दोन डोळे, घारीचे. साखरेच्या आजाराने पायाला जखम झाली होती, भरत नव्हती. मुलगा पिकअपमधून आणायचा आणि बाहेर सिगरेट ओढत उभा राहायचा.

"हलू नको," पॉलीन म्हणाली. तिचं अरबी दवाखान्यातलं होतं, कुठे दुखतं आणि कधीपासून एवढ्यापुरतं सुरू झालेलं, पण आता चांगलं चालायचं.

"उंटावरून उतरले, वाळूत बाळंत झाले, परत उंटावर चढले," म्हातारी म्हणाली. "आणि ही पोर मला सांगते, हलू नको!"

दोघींचं जमलं. रागीट माणसं एकमेकांना वासाने ओळखतात. उम्म राशिद सगळ्यावर तोंडसुख घ्यायची. सुनेवर, टीव्हीवर, सरकारने दिलेल्या घराच्या गुळगुळीत फरशीवर. सर्वांत जास्त नळाच्या पाण्यावर. "समुद्र उकळतात आणि म्हणतात प्या. मशीनची चव लागते मशीनची!"

एकदा बोलता बोलता पॉलीनने बावखलाचं सांगितलं. म्हातारीचा पाय तिच्या मांडीवर होता. तो एकदम थांबला.

"कोणी बुजवलं?"

"भावाने."

"सख्ख्या?"

"सख्ख्या."

उम्म राशिदने पाय खाली घेतला. मग म्हणाली, "शुक्रवारी राशिद तुला न्यायला येईल. बिंती, तुला पाणी दाखवते."

बिंती म्हणजे माझी मुलगी. पॉलीनला तोपर्यंत त्या देशात सगळ्यांनी सिस्टर म्हटलं होतं, मुलगी कोणी म्हटलं नव्हतं.

पिकअप डांबरी रस्ता सोडून दगडगोट्यांत शिरली आणि धुरळा खात खात अशा जागी थांबली, जिथे थांबण्यासारखं काहीच नव्हतं. सपाट. मग दहा पावलं चालल्यावर जमिनीला भगदाड पडलेलं दिसलं. जमीन वरून आत कोसळून तयार झालेला खड्डा, आणि आत उतरत गेलेली दगडांची घसरण. खालून गार हवा येत होती. तळाला पाणी. गुडघाभर असेल, पण इतकं स्वच्छ की आहे की नाही ते हात घातल्यावरच कळावं. कुठून येतं कोणाला माहीत नाही. पाऊस पडला की वाढायला हवं, तर तसं नाही. भर उन्हाळ्यात, वर माणूस भाजून निघत असताना ते चढतं, आणि थंडीत खाली उतरतं. का, ते म्हातारीच्या आजीलाही ठाऊक नव्हतं.

त्या पाण्याची रीत होती. काठावर उभं राहून मोठ्याने सलाम म्हणायचा आणि तो खालून परत येईपर्यंत थांबायचं. चपला वर. हातातलं सगळं वर. रिकाम्या हातांनी उतरायचं, ओंजळीने प्यायचं, रिकाम्या हातांनी चढायचं. घरात मूल जन्मलं की ओंजळभर पाणी त्याच्या कपाळाला लावण्यासाठी न्यायचं. कोणी जायला निघालं की त्याच्या तोंडावरून हात फिरवायला आणि शेवटच्या आंघोळीत घालायला न्यायचं. एवढ्या दोन वेळा सोडून थेंब वर न्यायचा नाही. आणि खाली तर काहीच ठेवायचं नाही.

"दिवासुद्धा नाही?" पॉलीनने विचारलं. तिच्या गळ्यात क्रूस होता. तो काढून तिने चपलांत ठेवला होता.

"दिवा नाही, कापड नाही, नाव नाही. नमाज पढायला ही मशीद नाही आणि मालकी सांगायला हा तंबू नाही. जो ठेवतो ना, त्याला मग वाटायला लागतं, हे आपलं. पाणी अल्लाचं. आम्ही फक्त अदब राखतो." मग पुढे म्हणाली, "तू बघितलंस. आता तोंड बंद."

पॉलीनने वर येऊन क्रुसाला हात लावून शब्द दिला.

तो शब्द तिने घरी मोडला. मोडला म्हणजे काय, नवऱ्याला सांगितलं. नवऱ्यापासून काय लपवायचं? बावखल गेल्यापासून ती पहिल्यांदाच अशी आनंदात होती, आनंद पोटात मावेना. पाण्याच्या टाकीवरून कसं वळलो, दूर गॅसची ज्योत कोणत्या हाताला दिसत होती, सगळं सांगितलं. आणि वॉल्टरने पुढच्या शनिवारी ऑफिसात प्रतापसरांना सांगितलं. का? सर पाठीवर थाप मारतील म्हणून!

प्रताप पुण्याचा. इंजिनीअर, मोठी गाडी, डॅशबोर्डवर जीपीएस. दर शुक्रवारी मराठी कुटुंबांची गाड्यांची रांग घेऊन निघायचा आणि त्याला "एक्सप्लोरेशन" म्हणायचा. जिथे हजार वर्षं माणसं पाणी पितात तिथे हा गृहस्थ पोचला की त्या जागेचा शोध लागायचा. पॉलीनला कळलं तेव्हा बेत पक्का झाला होता.

"तू सांगितलंसच कसं रे? लाज नाही?"

"अगं, आपलीच माणसं आहेत. नुसतं बघून येतील."

"मम्मा, एव्हरीबडी नोज," कॅरिना म्हणाली. "इव्हन माय फ्रेंड्स आर कमिंग."

पॉलीन त्यांच्याबरोबर गेली. अडवता येत नाही, तर निदान रीत तरी पाळायला लावू, म्हणून. काठावर हात पसरून उभी राहिली आणि सगळ्यांना सांगितलं, चपला काढा, सलाम करा, खाली काही ठेवू नका, वर काही आणू नका.

प्रताप हसला. "पॉलीनवहिनी, आपण दगडाला शेंदूर फासणारी माणसं. इतक्या छान जागेला नमस्कारही करायचा नाही?"

"करा की. मोकळ्या हातांनी करा."

पण मोकळा हात आपल्या लोकांना जमतो का? प्रतापची बायको नयना भली बाई, मनात पाप नाही. तिने पिशवीतून हळदकुंकू काढलं, दगडाला लावलं, नारळ फोडला. गंगामाई म्हणाली. आणि मग सिमोना. सिमोना वसईचीच, हॉस्पिटलात लॅबमध्ये, प्रेअर ग्रुप तिच्या घरी भरायचा. तेव्हा दोह्यात चर्च नव्हतं, उघड प्रार्थनेला परवानगी नव्हती. पडदे ओढून, टीव्हीचा आवाज वाढवून, हळू आवाजात गायन म्हणायचं, अशी ती वर्षं. सिमोनाने पाणी बघितलं आणि ती ढसाढसा रडायला लागली. "माऊलीने आपल्याला जागा दिली गो, पॉलीन! आपल्याला जागा दिली!" आणि पर्समधून लूर्द माऊली, मरियेची वीतभर मूर्ती, काढून तिने कपारीत उभी केली. पुढे मेणबत्ती.

आपल्याकडे वसईला गावात झरा असला की त्याच्या कपारीत माऊली असतेच. सिमोनाच्या डोक्यात दुसरं काही आलंच नाही. आणि खोटं कशाला बोला, मेणबत्ती पेटली, सगळ्यांनी नमो मरिया धरली, तेव्हा पॉलीनचेही गुडघे टेकले. किती वर्षांनी आभाळाखाली आवाज मोकळा सोडायला मिळाला होता. म्हणून तर तिला स्वतःचाही इतका राग आला. घरी येऊन तिने वॉल्टरशी भांडण काढलं, भांडी आपटली, कॅरिनाला ओरडली, आणि तरी राग उतरेना.

पुढे काय झालं ते तुम्ही केलंत. दर शुक्रवारी गाड्या. फोटो ईमेलवर फिरले. कुणाचा तरी गुडघा बरा झाला, कुणाचा व्हिसा आला, आणि लोक बाटल्या भरून न्यायला लागले. भिंतीवर ऑइलपेंटने नावं आली. पोरं पाण्यात पाय सोडून चिप्स खायला लागली.

उम्म राशिद ड्रेसिंगला आली. पॉलीनने पट्टी सोडली, मान खाली. म्हातारी म्हणाली, "तुझ्या भावाने काय केलं ते तू मला सांगितलंस. आता तू काय केलंस ते सांग."

पॉलीन जखम पुसत राहिली.

"पाय तुझ्याकडेच आणीन," म्हातारी म्हणाली. "दुसरी पोर दुखवते. पण बिंती म्हणणार नाही."

त्याच आठवड्यात पॉलीन वॉल्टरला घेऊन तिथे गेली. त्याला गाडीतून खेचूनच उतरवलं म्हणा. दोघांनी नारळाच्या करवंट्या उचलल्या, पिशव्या भरल्या. दगडावर साचलेलं मेण तिने स्वयंपाकघरातल्या सुरीने खरवडून काढलं. माऊलीला ओढणीत गुंडाळून वर आणलं आणि सिमोनाच्या दारात नेऊन दिलं.

"माऊलीला हलवलंस?" सिमोना किंचाळली. "तुला पाप लागेल!"

"लागू दे. दुसऱ्याच्या घरात घुसून आपली आई बसवायची आणि घरवाल्याला बाहेर काढायचं, याला तुझ्याकडे काय म्हणतात? भक्ती?"

पण उशीर झाला होता. त्या खड्ड्याच्या शेजारी एका बड्या असामीचं नवं फार्म होत होतं. सुट्टीतलं फार्म, हिरवळ, कारंजं. त्याला शेजारी बदूंची वहिवाट नको होती आणि आपल्या लोकांची जत्राही नको होती. कारण शोधत होता, ते आपण ताटात वाढून दिलं. फोटो होतेच. मूर्ती, मेणबत्त्या, कुंकू. "बघा, इथे मूर्तिपूजा चालते," म्हणाला. त्यावर त्या देशात कोण तोंड उघडणार? उम्म राशिदचे लोक गेले, तर त्यांनाच दटावलं, की तुम्ही ही थेरं चालू दिलीत. ज्या बाईने आयुष्यभर तिथे दिवा लावला नाही, तिच्या माथी मूर्ती आली!

खड्डा बुजवायचं ठरलं. धोकादायक जागा, कुणी पडेल, वगैरे. काम कोणाला मिळालं? प्रतापच्या कंपनीला. ज्याने शोध लावला, त्यानेच डंपर पाठवले.

पहिल्या दिवशी पॉलीन ड्युटी टाकून गेली. उम्म राशिद काठावर बसली होती, पट्टीचा पाय पुढे पसरून, पाठ डंपरकडे. पॉलीन काही न बोलता तिच्या शेजारी बसली. म्हातारीने तिच्याकडे बघितलं नाही, पण सरकून जागा दिली. डंपरवर इनायत नावाचा पठाण होता. त्याने इंजिन बंद केलं आणि खाली उतरून चाकाच्या सावलीत बसला.

सुपरवायझरने प्रतापला फोन लावून इनायतच्या कानाला दिला. फोनमधला आवाज लांबपर्यंत ऐकू येत होता.

"साब, अम्मा बैठी है," इनायत म्हणाला. "मैं नहीं डालूंगा. आप आके डालो."

प्रतापसर आले नाहीत. दुसऱ्या दिवशी इनायत दुसऱ्या साइटवर गेला, बायकांना हटवायला पोलिसांची गाडी आली, आणि डबर आत गेलं. तुटकं काँक्रीट, सळ्या, फरशा. दोन दिवस आवाज येत होता. तिसऱ्या दिवशी सपाट.

त्या दिवाळीला प्रतापच्या घरी फराळ होता. पॉलीन गेली. वॉल्टर नको नको म्हणत होता, तरी गेली. चकलीची बशी हातात घेऊन भरल्या हॉलमध्ये उभी राहिली.

"प्रतापसर, झोप लागते का?"

"वहिनी, आज सणाचा दिवस आहे. क्लायंटची ऑर्डर होती. मी नसतं केलं तर दुसऱ्याने केलं असतं."

"हेच माझा भाऊ म्हणाला होता. शब्द न् शब्द हेच. तुम्हा लोकांना कुठल्या एकाच शाळेत शिकवतात का?"

"नोकरी आहे हो आमची. तुम्हाला काय, दोन शिव्या दिल्या की झालं. आणि जागा सांगितली कोणी? तुमच्याच घरातून आली ना?"

पॉलीनने बशी टीपॉयवर ठेवली. "आली. माझ्या घरातून आली. म्हणून तर मी बसले होते तिथे डंपरपुढे. तुम्ही कुठे होतात?"

त्यानंतर मराठी लोकांनी तिला बोलावणं बंद केलं. तिने त्यांच्याशिवाय चालवायला शिकून घेतलं. वॉल्टर मात्र घरी आल्यावर म्हणाला, "मीच बोललो ऑफिसात. माझं नाव का नाही घेतलंस?" ती म्हणाली, "तुला घरी घेते." आणि घेतलं. चांगलं महिनाभर घेतलं.

दोन हजार चारच्या उन्हाळ्यात राशिद दवाखान्यात आला. एकटा. म्हातारीची किडनी गेली होती, हॉस्पिटलमधून हट्टाने घरी आली होती. शुद्धीवर होती आणि एकच मागत होती.

"पाणी मागते," राशिद म्हणाला. एवढा धिप्पाड माणूस, दाराला टेकून उभा. "मी कुठून आणू? वाडवडिलांपासून कोणी त्या पाण्याशिवाय गेलं नाही. माझी आई पहिली. सिस्टर, तुमच्या लोकांनी बाटल्या भरल्या होत्या ना?"

पॉलीनने हातमोजे काढले आणि निघाली. नयनाकडे गेली. नयना म्हणाली, "अय्या, आम्ही तर ते झाडांना घातलं हो." आणखी दोन घरं. एकाने बाटली पुण्याला पाठवली होती, एकाने फ्रीज साफ करताना ओतून टाकली होती. ओतून टाकली! मग उरली सिमोना. चार वर्षं दोघींचं बोलणं नव्हतं.

सिमोनाच्या अल्तारावर, येशूच्या हृदयाच्या तसबिरीखाली, ती बाटली होती. प्लॅस्टिकची, माऊलीच्या आकाराची, निळ्या मुकुटाचं झाकण. अर्ध्याहून जास्त भरलेली.

"दे."

"ते आशीर्वादाचं पाणी आहे, पॉलीन. घरात कोणी आजारी पडलं की मी क्रूस काढते त्याने."

"ज्यांचं आहे त्यांची म्हातारी मरते आहे. तिला ते मिळत नाही आणि तुझ्या अल्तारावर ते उभं आहे. माऊलीच्या डोळ्यांत बघून मला नाही म्हण."

सिमोनाने वर बघितलं. मग खाली बघितलं. मग स्वतःच्या हाताने बाटली काढून पदराने पुसली आणि म्हणाली, "मी येऊ?"

"ये. चपला दाराबाहेर काढ."

उम्म राशिदच्या खोलीत बायका भिंतीला लागून बसल्या होत्या. बत्तूला काढलेला. पॉलीनने तिचा पूर्ण चेहरा पहिल्यांदा बघितला. लहान होता. माऊलीच्या आकाराची बाटली बघून बायका कुजबुजल्या, तेव्हा पॉलीनने ते पाणी स्टीलच्या वाटीत ओतलं आणि बाटली सिमोनाच्या पर्समध्ये कोंबली. बोटं भिजवून म्हातारीच्या कपाळावरून, डोळ्यांवरून फिरवली.

म्हातारीने वास घेतला. "प्लॅस्टिक," ती म्हणाली. मग, "कोणी ठेवलं होतं?"

"चोरणाऱ्यांनी."

म्हातारीच्या घशातून आवाज आला. हसली असावी. "थोडं राखलं त्यांनी. बरं केलं, बिंती."

उरलेलं पाणी शेवटच्या आंघोळीत गेलं. वाटी रिकामी झाली.

आता दोह्यात चर्च आहे. दोन हजार आठपासून. मोठं, एसी असलेलं, शुक्रवारी पाय ठेवायला जागा नसते. सिमोनाची माऊली तिला हवी तिथे उभी राहू शकते. चांगलं झालं. पण उम्म राशिदचं पाणी डबराखाली आहे आणि वर त्या फार्मचं पार्किंग आहे. बावखलावरच्या बिल्डिंगसारखंच. उन्हाळ्यात पार्किंगचा एक कोपरा ओला होतो म्हणे. चढत असेल ते खाली, अजून.

राशिदच्या सुनेला दिवस गेले आहेत. थंडीत मूल होईल. कपाळाला लावायला थेंब नाही. पॉलीन अजून अल हिलालच्या त्याच फ्लॅटमध्ये राहते, त्याच दवाखान्यात जाते, आणि अजून घरोघर विचारत फिरते. काही लोक दार उघडत नाहीत. बाई भांडते, म्हणतात.

तेव्हा आता उठा. अल्तारावर बघा, देवघरात गंगेच्या गडूमागे बघा, वसईला, पुण्याला, नाशिकला जिथे पाठवली असेल तिथे फोन लावा. त्या शुक्रवारची बाटली तुमच्याकडे असेल, तर ती पॉलीनकडे पोचवा. थंडी पडायच्या आत.